इतिवृत्तात न आलेलं

सभा गच्चीवर झाली, रविवारी, पोह्यांनंतर.
उपस्थिती अकरा. विषय एकच:
तीनशे दोनमधल्या टोकेकरबाईंची वायर.

वायर पिवळी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघते,
दुसऱ्या मजल्याचे वाळत घातलेले कपडे चुकवत,
पहिल्या मजल्याच्या तुळशीला वळसा घालून
पार्किंगमध्ये उतरते,
जशी पूर्वी भाजीची टोपली उतरायची.
टोपलीला कुणी हरकत घेतल्याची नोंद नाही.

टोकाला स्कूटर. पांढरी, मुकी.
बाई तिच्यावरून राऊच्या शाळेत जातात,
भूमिती शिकवतात, परत येतात.
आल्याचं कळतच नाही,
ही तक्रार क्रमांक एक.

कोचर म्हणाले, फुटतात हो ह्या, भुईनळ्यासारख्या,
मोबाइलवर पाहिलंय.
निगमसाहेबांना शंका, वीज नक्की कुणाच्या मीटरची?
बाई बिल घेऊनच आल्या होत्या.
साहेबांनी चष्मा आणला नव्हता.
चौरेकाका म्हणाले, आवाज नाही त्याचा भरवसा नाही,
गाडीनं कसं, खाकरून यावं.
काकांनी अठ्ठ्याण्णव साली लिफ्टलाही विरोध केला होता.
आज गच्चीवर लिफ्टनंच आले.
हे मी लिहून घेतलं नाही.

हात मीही वर केला. विरोधात.
खरं सांगायचं तर माझ्याकडे कारण नव्हतं,
गुडघा होता.
बावीस वर्षं, खजुरी बाजारातल्या बँकेसमोर,
स्कूटर डावीकडे तिरकी करायची,
जरा थांबायचं, मग सरळ, मग किक,
सातवी, आठवी,
प्लग काढ, पूस, फुंकर मार, परत बसव,
आणि पानवाला ओरडणार, भिया, धक्का देऊ क्या?
एवढं करून जी सुरू व्हायची
ती आपली वाटायची.
ही बाई नुसतं बटण दाबते.
आधी घाम, मग प्रवास, असा आमचा हिशेब.
मधला घाम कुणी वगळला
की आम्हाला ती चोरी वाटते.

ठराव मंजूर, दहा विरुद्ध एक:
वायर आठ दिवसांत काढून घ्यावी.
बाई म्हणाल्या, मग खाली एक पॉइंट द्या, खर्च मी करते.
ते विषयपत्रिकेत नाही,
मी म्हणालो.

रात्री दोनला माझा गुडघा उठतो, मागोमाग मी.
गॅलरीतून पाहिलं तर
वायर स्कूटरपासून सुटून पडलेली,
शेजारी मांजर, निर्दोष.
सकाळी दहावीचा पेपर आहे, असं
बाई गच्चीवरून उतरताना कुणाला तरी सांगत होत्या.
राऊ काही जवळ नाही.

लिफ्टनं गेलो नाही, आवाज होतो.
जिन्यानं, कठडा धरून, चपला हातात,
स्वतःच्याच ठरावाविरुद्ध.
प्लग गार होता.
बोटांनी तो आपसूक सदऱ्याला पुसला,
मग मी फुंकर मारली.
गरज नव्हती.

हिरवा दिवा लागला, मुगाएवढा.
वाकून कान दिला तर आत बारीक गुणगुण,
झोपेत एखाद्या पोरानं पाढे म्हणावेत तशी.
म्हणजे अगदीच मुकी नाही.
किती वेळ वाकून होतो कोण जाणे,
उठताना मडगार्डचा आधार घ्यावा लागला.

सकाळी कचऱ्याची गाडी गात आली.
सगळे आपापले डबे घेऊन खाली.
बाई हेल्मेट घालून त्यांच्यामधून निघून गेल्या,
चौरेकाका दचकून बाजूला, अहो, हॉर्न तरी!
मी ओला कचरा
चुकून सुक्यात टाकला, परत काढला.

इतिवृत्तावर सह्या झाल्या आहेत.
आठातले सात दिवस उरलेत.
पुढच्या सभेची विषयपत्रिका
मीच लिहितो.